सिलोनला गेलेला कांदा

यंदाही कांदा निघाला. वैशाखाच्या तोंडाशी शेतं उघडी पडली आणि बांधावर पातीचे ढीग दिसायला लागले. मंचरच्या हमरस्त्यावर गाड्यांची अशी रांग लागते की म्हातारीला पलीकडे जायचं तर अर्धा तास एका जागी उभं राहावं लागतं. म्हातारी म्हणजे मीच. त्यामुळे मी पलीकडे जातच नाही. ओट्यावर बसते आणि वखारीकडून वाऱ्यावर उडत येणारे कांद्याचे पापुद्रे बघते. लालसर, हलके, उन्हात धरले तर आरपार दिसणारे. ते पायरीशी गोळा होतात, उंबऱ्यावरून घरात शिरतात. नातसून केरसुणी घेऊन येते नि मी पाय आखडून घेते. एकदा तिनं विचारलंच, "आजी, सापबिप दिसला का काय?"

सापाला मी भीत नाही. या घरात आल्यावर वखारीतले दोन मी स्वतः मारलेत. कांद्याच्या सालीला भिणारी बाई मात्र अख्ख्या आंबेगाव तालुक्यात माझ्याशिवाय दुसरी नसेल. आणि हे कुणाला सांगायची सोय नाही.

स्वराज्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. माझं लग्न होऊन दुसरा उन्हाळा. माझं माहेर जुन्नरचं, शिवनेरीच्या बाजूच्या आळीतलं. आमच्या दाराला लागूनच याकूबचाचा तांबोळी यांचं पानांचं दुकान होतं. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पानांच्या कवळ्या म्हणजे जुड्या, काताचा वास, अडकित्त्याचा कटकट आवाज. माझी सकाळ त्या आवाजानं व्हायची. चाचांची बायको लवकर गेली. मागं एकच लेक, जैबुन्निसा. आमची जैबू. आम्ही दोघी एका बाकावर बसून सातवीच्या फायनलपर्यंत शिकलो. तिचं अक्षर मोत्यासारखं, माझं कोंबडीनं माती उकरल्यासारखं. मास्तर तिची वही वर्गाला दाखवायचे आणि मग माझी दाखवायचे.

चाचांच्या दुकानात सिलोनची सुपारी यायची. त्या सुपारीच्या व्यापारात ओळखी होत गेल्या आणि एक दिवस जैबूची सोयरीक थेट कोलंबोला जुळली. मुलगा मूळचा मुंबईकडचाच, तिथल्या एका मोठ्या पेढीवर कामाला. आळीतल्या बायकांनी विचारलं, "किती कोसांवर दिली म्हणायची पोरगी?" चाचा म्हणाले, "कोस कसलं मोजता बाई, मधी समिंदर हाय." कुणाची लेक नारायणगावला, कुणाची घोडेगावला. समुद्र बघितलेली त्यांच्यात एकही नव्हती.

जैबूच्या लग्नानंतर वर्षाच्या आत माझंही झालं आणि मी मंचरजवळ या घरात आले. मी बैलगाडीतून आले, ती बोटीतून गेली. मला नागपंचमीला माहेरचा मुराळी न्यायला येई. तिला कोण आणणार?

तेव्हा जुन्नरच्या एका हॉटेलात बॅटरीवर चालणारा रेडिओ आला होता. त्यावर सिलोनहून हिंदी गाणी लागत. पोरं टोळक्यानं उभी राहून ऐकत, नि त्यांच्यात पांढऱ्या दाढीचे याकूबचाचा. गाण्यात त्यांना काडीचा रस नव्हता. गाणं संपलं की निवेदक कोलंबोचं नाव घेई, तेवढं ऐकायला ते थांबत. मला म्हणाले होते, "तिच्या गावची हवा हितवर येती, पोरी. तिलाच येता येत न्हाई."

येता येत नव्हतं ते कागदांपायी. त्या बेटावर आपल्या माणसानं राहायचं तर कागद, यायचं-जायचं तर आणखी कागद. दोन्हीकडच्या सरकारांची बोलणी चालली होती. चार दिवस जुन्या वर्तमानपत्रात हस्तांदोलनाचे फोटो दिसत. शेजारी देशांशी संबंध दृढ करणार, व्यापार वाढवणार, असं खाली छापलेलं असे. ते वाचताना मला जांभई यायची. त्या मोठ्या शब्दांच्या पोटात जैबूचं माहेरपण आहे, हे कळायला तो उन्हाळा यावा लागला.

त्या वर्षी बाजारच्या दिवशी चाचा मंचरला आले ते दमलेले, पण डोळ्यांत चमक. जैबूच्या नवऱ्याला त्याच्या पेढीच्या मालकानं सांगितलं होतं. तिकडे कांदा फारसा पिकत नाही, आपल्याकडूनच जातो. तुझ्या सासऱ्याच्या मुलखातला एकदा मागवून बघू. माल चांगला निघाला तर दर हंगामाला तुलाच खरेदीला धाडतो, कागदांचं मी बघतो.

"आन् जावयाच्या कागदावर बायकूचं नाव चढतं म्हनं," चाचा म्हणाले. "एक खेप धड पोचू दे, शके. मग दर उन्हाळ्याला जैबू हितं. कांदा निघला की लेक आली!"

कांदा आमच्याकडचाच जायचा ठरला. आमच्या ह्यांनी भावकीतल्या चार जणांचाही गोळा केला. निवडून, भरून देण्याचं काम माझ्याकडे आलं. नव्या सुनेला एवढं मोठं काम कुणी देत नाही, पण मी शिकलेली आणि जैबू माझी मैत्रीण, म्हणून सासूबाईंनीच सांगितलं, "शकूच करंल." माझी छाती फुगली, खोटं का बोलू?

त्याच सुमारास सिलोनचे एक अधिकारी आमच्या भागात कांदा-बटाटा बघायला आले. बरोबर पुण्याचे साहेब होते. दोन गावांची मिळून पन्नास माणसं जीपगाडीमागं धावली. पाहुणे सावळे, ठेंगणे, फार मृदू बोलणारे. आमच्या ओट्यावर त्यांना जेवण होतं आणि सासूबाईंनी मासवडी केली होती. पुण्याच्या साहेबांनी पदार्थाचं नाव आणि त्याचा अर्थ त्यांना सांगून टाकला. बेटावरचा माणूस तो, मासा म्हटल्यावर खुलला. एकेक वडी उलटीपालटी करून जपून खायला लागला. साहेब हसू दाबत म्हणाले, "काटा शोधतायत." बेसनात काटा कुठून सापडणार? पण पाहुण्यांनी चार वड्या खाल्ल्या नि रश्श्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी वाटी बाजूला सारली नाही. मग उठून वखारीत गेले, कांदा उचलला, अंगठ्यानं दाबला, वास घेतला आणि तीन कांदे कोटाच्या खिशात टाकले.

सासूबाई दाराआडून ऐकत होत्या. त्यांनी साहेबांना विचारलं, "कांदा पिकत न्हाई तर यांच्यात पिकतं तरी काय?"

"नारळ, सुपारी, चहा."

"मंग आपून कांदा द्यायचा, त्यांनी नारळ-सुपारी द्यायची. म्हंजी सोयरीकच की ही!"

साहेबांनी ते भाषांतर करून सांगितलं तेव्हा पाहुण्यांनी सासूबाईंना हात जोडले. आज मी विचार करते, त्या वर्षी दिल्लीत आणि कोलंबोत जे काही कागदावर लिहिलं गेलं असेल, ते सासूबाईंनी एका वाक्यात सांगितलं होतं. घात झाला तोही तिथंच. सोयरीक म्हटलं की आम्ही लेकीकडचे झालो.

लेकीच्या सासरी जिन्नस धाडायचा म्हणजे काय असतं, हे आमच्या मुलखातल्या बाईला शिकवावं लागत नाही. डाळ दोनदा पाखडायची. शेवया एका लांबीच्या हव्यात. पापडाची कड फाटली तर तो घरात खायचा. तिकडच्या कुणाला बोट ठेवायला जागा राहता कामा नये, कारण बोट जिनसावर ठेवतात आणि लागतं ते लेकीला. मग कांदा तसाच कसा धाडायचा? मातीचा, धुरकट, वरची सालं लोंबणारा? शी!

वखारीपुढच्या मांडवात पंधरा बायका बसवल्या मी. फुलाचा दांडा आलेले डेंगळे बाजूला, जोडकांदे बाजूला. चांगला कांदा गोणपाटाच्या तुकड्यानं घासायचा, वरची दोन-तीन सालं उतरवायची, आतला गुलाबी तुकतुकीत कांदा दिसला की टोपलीत. मंचरच्या बाजारात असा कांदा उजवा ठरे. इथनं मुंबईला जायचा, आठ दिवसांत कुणाच्या तरी कालवणात पडायचा. त्यापलीकडे कांद्याचं आयुष्य आम्हाला ठाऊक नव्हतं. बायका ओव्या म्हणत होत्या. गंगूबाई नावाची आमची एक रोजंदारीण होती, तिनं जैबूला कधी बघितलेलं नव्हतं, तरी ओवीत तिचं नाव गुंफलं. सालांचा ढीग गुडघ्याएवढा झाला. वाऱ्यानं ती अंगावर यायची, केसांत अडकायची, घामानं गळ्याला चिकटायची. इतकं मनापासून काम मी आयुष्यात पुन्हा केलं नाही.

काम सुरू होऊन तीन दिवस झाले असतील, चाचा जैबूचं पत्र घेऊन आले. चाचांना उर्दू अडखळत वाचता येई, मराठी नाही. जैबू लिहायची मराठीत. जुन्नरात कुणापुढं लेकीचं पत्र उघडायची त्यांना लाज वाटे, म्हणून पत्र आलं की बाजारच्या दिवशी मोटारीनं ते माझ्याकडे येत. मी वाचायचं, ते सांगतील तसं उत्तर मीच लिहायचं.

पत्रात खुशाली होती. पाऊस कसा सारखा पडतो, भातात खोबरं कसं असतं. आणि शेवटी माझ्यासाठी पाच ओळी. "शकू, कांदा आहे तसाच पाठव. वरची सालं अजिबात काढू नकोस. इथली हवा ओली आणि बोटीत तर फारच. माती लागलेली असली तरी चालेल. उगाच दगदग करू नकोस."

त्या ओळींशी मी थांबले. समोर मांडव दिसत होता. अर्ध्याहून जास्त कांदा घासून झाला होता. सासूबाईंनी सकाळीच चार बायकांत माझं कौतुक केलं होतं. आणि माझ्या मनात आलं, सगळ्याच लेकी असं लिहितात. मी नव्हते का लिहीत आईला, काही पाठवू नकोस, मला सगळं आहे, त्रास घेऊ नकोस? आणि आईनं खरंच काही पाठवलं नाही तर रडत नव्हते का? सासरहून लेकीनं नको लिहिलं की माहेरानं दुप्पट धाडायचं, ही तर रीतच. जैबू सासरी गेली तशी तिलाही हे बोलणं आलं, असं म्हणून मला भरून आलं. कांद्यातलं तिला काय कळतं? पानवाल्याची लेक ती.

"काय लिवलंय पुढं?" चाचांनी विचारलं.

"फार दगदग करू नका म्हणतीय."

चाचा हसले. "लिवनारच ती. आपून करायचीच! लेकीचं काम हाय."

खोटं मी बोलले नव्हते. शेवटची ओळ तशीच होती. पण आधीच्या चार ओळी माझ्या पोटात राहिल्या नि त्या आजतागायत तिथंच आहेत. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आमचे मास्तर मला बघूनच म्हणायचे. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

गाड्या भरल्या त्या दिवशी सासूबाईंनी पहिल्या गोणीला हळदकुंकू लावलं. चाचांनी डोळे मिटून दुवा मागितली. ते ट्रकबरोबर मुंबईला गेले, गोदीवर माल चढताना स्वतः उभे राहिले. परतताना मुद्दाम मंचरला उतरून मला सांगून गेले. "लई मोठं जहाज, शके. आपल्या गोण्या त्याच्या पोटात गेल्या तवा मला वाटलं, मीच चाललो." कांदा बोटीच्या तळाशी कोंदट अंधारात किती दिवस राहणार, हे त्यांनी विचारलं नाही. मीही नाही.

आता आमचा नातू कांदा परदेशी पाठवतो. मोठ्या लोखंडी पेट्यांतून, हवा खेळती ठेवून, अंगावर दोन साली राखून. कधी मध्येच सरकारची बंदी येते, कधी उठते. परवा टीव्हीवर कुठल्याशा बेटाचे पंतप्रधान दिल्लीत आले होते, हारतुरे झाले. नातू म्हणाला, "आजी, आता बघ, भाव उठतील." मी बघत होते ती त्यांच्यामागं उभी असलेली माणसं. त्यांच्यापैकी कुणाची लेक कुठं दिली असेल, कोण कुणाची वाट बघत असेल, असलंच काहीतरी माझ्या मनात येत राहतं. मोठ्या माणसांनी हात मिळवले तर मिळवू देत बापडे. त्या हातांच्या भरवशावर कुठल्या तरी गावात एक म्हातारा रेडिओपाशी उभा असतो.

त्या वर्षीच्या ज्येष्ठात पेढीचं इंग्रजी पत्र आलं. ते चाचांनी जुन्नरच्या हायस्कूलच्या मास्तरांकडून वाचून घेतलं. गोण्यांतून पाणी गळत होतं. वासानं हमाल हात लावायला तयार नव्हते. थोडा वरचा माल सोडून बाकी सगळा बंदरातच टाकून द्यावा लागला. असा नागडा कांदा समुद्रावर कुणी पाठवतं का, असं विचारलं होतं, आणि यापुढे त्या भागातून खरेदी नाही असं शेवटी. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पैशाचं नुकसान आम्ही सगळ्यांनी मिळून सोसलं, तो काही आता सांगायचा विषय नाही. जावयाला खरेदीला धाडायचं मात्र पेढीनं मनातून काढून टाकलं. जैबू येणार नव्हती.

मी चार दिवस जेवले नाही. सासूबाईंना वाटलं, दिवस राहिले.

आषाढात चाचा आले. छत्री होती तरी खांदे भिजलेले. दुसरं पत्र त्यांनी कोपरीच्या आतल्या खिशात कोरडं ठेवलं होतं. मी हात पुसून ते घेतलं. आता ती विचारणार, शकू, माझं पत्र पोचलं नव्हतं का? आणि ते मलाच मोठ्यानं वाचावं लागणार. बरं झालं, असंही एकीकडे वाटलं. एकदाचं फुटेल.

जैबूनं लिहिलं होतं, "अब्बा, चूक माझी आहे. इथल्या हवेला कांदा सालीसकट लागतो, हे मला माहीत होतं. शकूला लिहायचं ठरवलं होतं, पण घाईत राहून गेलं. तिला काही बोलू नका. तिला इथलं काय ठाऊक?"

या वेळी मी एकही ओळ गाळली नाही. गाळायला हवी होती ती या वेळी, असं आता वाटतं. पत्र कोण वाचणार हे जैबूला पक्कं ठाऊक होतं. तिनं बापाला लिहिलं नव्हतं ते, मला लिहिलं होतं. माझी चूक उचलून तिनं स्वतःच्या पदरात बांधून घेतली होती, तीही समुद्रापलीकडून, मी मागितलेलं नसताना.

चाचा म्हणाले, "कागद घे."

मी दौत-टाक आणला.

"लिव. तुझी एक वळ राहिली, जैबू. एक वळ. त्या वळीपायी सगळ्या गावाची मेहनत समिंदरात गेली. माझं म्हातारपण गेलं. आता तुझं तोंड दिसायचं न्हाई मला, आन् त्यो दोस तुझाच. लिवलं?"

"चाचा, इतकं कशाला..."

"लिव म्हनतो ना!" याकूबचाचांचा चढलेला आवाज मी जन्मात तेवढा एकदाच ऐकला.

तेव्हा सांगता आलं असतं. टाक खाली ठेवायचा नि म्हणायचं, चाचा, ती ओळ आली होती, मी खाल्ली. एवढंच. आतल्या दारात सासूबाई उभ्या होत्या. मी वीस वर्षांची होते. मला खरोखरच दिवस राहिले होते. ही सगळी कारणं मी पुढं पन्नास वेळा स्वतःला दिली आहेत आणि एकही पुरलं नाही. मला भीती वाटली, हेच खरं. मी टाक शाईत बुडवला आणि "दोष तुझाच" हे शब्द लिहिले. त्या दिवशी का कोण जाणे, अक्षर फार सुरेख आलं.

चाचांनी खाली उर्दूत सही केली आणि पाकीट स्वतः पोस्टात टाकलं. भादव्यात त्यांना ताप भरला. तीन दिवसांत गेले. मधल्या काळात त्यांनी तिला दुसरं पत्र लिहिलं नाही. माझ्याकडे पुन्हा यायचं ते टाळत होते की त्यांना वेळच मिळाला नाही, ते मला ठाऊक नाही.

मातीला जैबू येऊ शकली नाही. कागद मिळायला महिने लागले असते. पुढच्या चैत्रात तिचं पत्र आलं, पहिल्यांदाच माझ्या नावानं, माझ्या सासरच्या पत्त्यावर. मला मुलगी झाल्याचं तिला कुठून तरी कळलं होतं. नाव काय ठेवलं, केस कसे आहेत, माझ्यासारखी हट्टी आहे का, हे सगळं विचारलं होतं. कांद्याचा शब्द नव्हता. शेवटी एवढंच होतं, "अब्बांचं शेवटचं पत्र मी जपून ठेवलं आहे. रोज काढून बघते. तुझं अक्षर किती सुधारलं गं, शकू."

त्या पत्राला मी उत्तर पाठवलेलं नाही.